कुंडीचे तोंड उघडे असू द्या

बऱ्हाणपुरास पाहुणा आला की किल्ला दाखवून झाल्यावर आम्ही त्याला कुंडी भंडाऱ्याकडे नेतो. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या कारकीर्दीत हे काम झाले. सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी तापीकडे जाता जाता भुयारात घ्यावयाचे व शहरास पुरवावयाचे, अशी ती योजना. भुयाराच्या माथ्यावर थोड्या थोड्या अंतराने विहिरीसारखी तोंडे आहेत. त्यांनाच कुंड्या म्हणतात, आणि त्या शंभरावर आहेत. कुंडीतून आत हवा जाते, उजेड जातो, आणि पाणी वाहते आहे की तुंबले आहे, हे कोणालाही वाकून पाहता येते. हे काम चारशे वर्षे टिकले, याचे निम्मे श्रेय तरी मी ह्या तोंडांना देतो.

अलीकडे मला ह्या कुंड्यांची आठवण वारंवार होते ती निराळ्या कारणाने. रेशन, पेन्शन, जमिनीचा उतारा, मुलांची शिष्यवृत्ती, सारे सरकारी व्यवहार आता संगणकाच्या भुयारातून वाहतात. त्यात सोय आहे, हे मी नाकारीत नाही. माझ्या दोन शिष्या परदेशात असून फोनवरूनच यमन शिकतात. तथापि भुयार आले म्हणजे कुंडीही हवी, आणि ह्या भुयाराची कुंडी म्हणजे वर्तमानपत्राचा बातमीदार, असे माझे मत आहे. ते कसे बनले, ते सांगतो.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, वयाच्या सोळाव्या वर्षी होळकर दरबारात सतारीवर लागले. पुढे १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, दरबार संपला, आणि नानांनी उरलेले आयुष्य सरकारी नोकरीत मुलांना सतार शिकविण्यात घालविले. अखेरची वर्षे ते इंदूर सोडून माझ्याकडे बऱ्हाणपुरास राहिले. २०१८ साली, त्यांच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, हयातीचा दाखला यंत्रावर बोट ठेवून द्यावा, असे त्यांना सांगण्यात आले. नानांनी दहाही बोटे ठेवून पाहिली. उजव्या हाताच्या रेषा वार्धक्याने पुसल्या होत्या, डाव्या हाताच्या तारेने. यंत्राने त्यांना ओळखले नाही. "अरे, तारेने खाल्ल्यात त्या रेषा. त्यांना सांग, मी हाच आहे," असे ते मला म्हणाले. मी सांगितले. खिडकीवरचा गृहस्थ सभ्य होता. पण पडद्यावर जे दिसत नाही ते त्याला लिहिता येत नव्हते. पेन्शन तीन महिने अडकली.

गावातल्या एका तरुण बातमीदाराच्या कानावर हे गेले. त्याने आरडाओरडा केला नाही. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून, ह्याच कारणाने कोणाकोणाचे पैसे थांबले आहेत त्यांची यादी मागितली. यादी आली. त्यात नाना एकटे नव्हते. जन्मभर मागावर सूत हाताळलेले विणकर होते, धुणीभांडी करणाऱ्या विधवा होत्या. तो घरोघर गेला आणि जे पाहिले ते छापले. पुढच्याच आठवड्यात कचेरीतून एक कारकून वही घेऊन आमच्या घरी आला. नानांनी मोडीच्या वळणाची आपली सही केली.

आज तोच अर्ज केला तर ती यादी मिळेल काय? मला शंका आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, आणि त्याचे नियम १४ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाले. ह्या कायद्याने २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातले एक कलम बदलले. पूर्वी खाजगी माहिती नाकारताना, तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे काय व तीत व्यापक जनहित आहे काय, हे अधिकाऱ्याला पाहावे लागे. आता माहिती 'वैयक्तिक' आहे, एवढे कारण त्या कलमाखाली पुरते. जनहितासाठी माहिती देण्याची मुभा दुसऱ्या एका उपकलमात शिल्लक आहे, असे सरकार म्हणते, आणि ते खरे आहे; परंतु नकार सोपा झाला, हेही तितकेच खरे. शिवाय न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात पत्रकारितेला जी सूट होती, ती २०२३ च्या कायद्यात नाही. दंडाची कमाल मर्यादा मात्र २५० कोटी रुपये आहे. एवढी तलवार टांगलेली असता लहान गावचे साप्ताहिक कोणाच्या भरवशावर छापील?

भीती काल्पनिक नाही. २०१८ च्या जानेवारीत चंदीगडच्या 'ट्रिब्यून'च्या वार्ताहर रचना खैरा यांनी, पाचशे रुपयांत कोट्यवधी आधारधारकांच्या माहितीपर्यंत पोचता येते, हे दाखवून दिले. त्यावर आधार प्राधिकरणाने जी फिर्याद दिली, तीत ह्या बाईंचेच नाव घातले होते. गळती दाखविणाऱ्यावरच खटला!

ह्या बाबतीत आपण आफ्रिकेकडे पाहावे, असे म्हटले तर काहींना नवल वाटेल. पण केनियाने २०१९ साली असाच कायदा केला, त्यात पत्रकारिता, साहित्य आणि कला यांना सूट ठेवली. दक्षिण आफ्रिकेच्या २०१३ च्या कायद्यातही तशीच सूट आहे. केनियात प्रत्येक नागरिकाला 'हुदुमा नंबर' देण्याची योजना निघाली, तेव्हा ओळखपत्रासाठी आधीच हेलपाटे घालणाऱ्या नुबियन जमातीची कैफियत न्यायालयात गेली. २०२० च्या जानेवारीत तेथील उच्च न्यायालयाने, पुरेसे नियम केल्यावाचून योजना पुढे नेऊ नये, असा निकाल दिला. तेथील बातमीदारांनी संगणकाचा कारभार हा यंत्राचा विषय न मानता रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा विषय मानला. आपल्या पत्रांत तो अजून नव्या मोबाइलच्या किमतींशेजारी छापला जातो.

कोणी म्हणेल, मग लोकांची खाजगी माहिती चव्हाट्यावर आणावयाची काय? मुळीच नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तो मला पूर्ण मान्य आहे. आम्ही गाणारे लोक हा भेद पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. रियाझ दार लावून होतो. तेथे डोकावण्याचा अधिकार कोणास नाही. मैफलीत मात्र सूर लागला की नाही, हे मागच्या रांगेतल्या माणसानेही बोलावे. नागरिकाचे घर हा रियाझ आहे, कचेरीचा कारभार ही मैफल. नव्या कायद्याच्या आडोशाने कचेरीने मैफलीलाच दार लावले, तर ते चालू देता कामा नये.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. संसदेने पत्रकारितेची सूट परत कायद्यात घालावी, आणि आपल्या मराठी पत्रांनी ह्या विषयासाठी निदान एकेक बातमीदार तरी नेमावा. वाचकांपैकी अनेकांच्या घरी ऐंशी ओलांडलेली माणसे असतील. त्यांचा दाखला, त्यांचे पैसे यंत्रापाशी अडले तर निमूटपणे घरी परतू नका. आपल्या पत्राला चार ओळी लिहून कळवा. नाना २०२१ साली गेले. तोवर दर नोव्हेंबरात कारकून वही घेऊन येत असे, आणि नाना त्याला चहा दिल्यावाचून सोडीत नसत.