भंगारात देण्याआधी

भाची बी.कॉम.ला गेली आणि घरात लॅपटॉपचा विषय निघाला. आपा म्हणाल्या, हप्त्यावर नवा घेऊ. आमच्या कपाटात दहा वर्षांपूर्वीचा एक लॅपटॉप पडून होता. रॅम 4 जीबी, सुरू व्हायला पाच मिनिटं. विंडोज 10 चे नियमित सुरक्षा-अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले आणि विंडोज 11 ला त्याचा जुना प्रोसेसर चालत नाही. दुकानदाराने सरळ भंगाराचा भाव सांगितला. आम्ही तो परत घरी आणला.

लिनक्सची सुरुवात 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. आपल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही तेच आहे. जुन्या यंत्रांसाठी त्याचे हलके प्रकार मिळतात, जसे लुबंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. दोन्ही मोफत आणि कायदेशीर, चोरीची सीडी शोधायला नको.

आम्ही 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट उतरवून घेतलं आणि लॅपटॉप त्यावरून सुरू केला. अशा वेळी आतल्या डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर सगळं आधी तपासून घेता येतं.

मग कायमचं बसवायला घेतलं. डिस्क पुसण्याची परवानगी पडद्यावर आली आणि भाचीने आमचा हात धरला. "मामू, नानांचे फोटो याच्यातच आहेत ना?" अब्बांच्या शेवटच्या ईदचे फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते. आम्ही तिथेच थांबलो. आधी सगळे फोटो दोन ठिकाणी उतरवले, एकेक उघडून पाहिले, मगच पुढे गेलो. वाचकहो, हे मात्र विसरू नका.

आता लॅपटॉप मिनिटभरात सुरू होतो. पत्र, हिशेब आणि सादरीकरणासाठी लिबरऑफिस आहे. मराठी कीबोर्ड सेटिंगमध्ये मिळतो, उर्दूचाही. नोटो नस्तालीक उर्दू हा मोफत फॉन्ट घातला की उर्दू आपल्या ओळखीच्या वळणात दिसते.

उणिवाही आहेत. इनपेज विंडोजसाठी बनलेलं आहे, म्हणून शाळेच्या जुन्या उर्दू फायलींसाठी आम्हाला अजून दुसरा संगणक लागतो. टॅलीचंही तेच, त्यामुळे भाचीला त्याचा सराव कॉलेजात करावा लागेल. ब्राउझरमध्ये दहा-बारा पानं एकदम उघडली तर यंत्र अडखळतं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर वेग आणखी वाढतो, तेवढा खर्च आम्ही पुढे करू.

हप्ते टळले. अब्बांचे फोटो आता आपांकडेही आहेत. पुढच्या अंकात, एकाच कीबोर्डवर मराठी आणि उर्दू कसं टाइप करायचं ते पाहू.