जॉर्ज फोरमन गेले, आता त्यांना घडवणारी योजनाही धोक्यात

माजी हेवीवेट जगज्जेते जॉर्ज फोरमन २१ मार्च २०२५ रोजी वयाच्या ७६व्या वर्षी निधन पावले. मुहम्मद अलींकडून हरलेला बॉक्सर आणि नंतर टीव्हीवर ग्रिल विकणारा हसरा माणूस, एवढीच त्यांची ओळख अनेकांना आहे. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, २९ मे रोजी, अमेरिकेच्या कामगार खात्याने 'जॉब कॉर्प्स' योजनेची कंत्राटदारांमार्फत चालणारी ९९ केंद्रे जूनअखेर थांबवण्याची घोषणा केली. या दोन बातम्या आम्ही एकत्र वाचतो, कारण जॉब कॉर्प्स नसती तर फोरमन नावाचा बॉक्सरच नसता.

फोरमन यांचा जन्म १९४९ चा, टेक्सासमधल्या मार्शल गावचा. ह्यूस्टनच्या 'फिफ्थ वॉर्ड' या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत ते वाढले. सात भावंडे, राबून घर चालवणारी आई. शाळा अर्धवट सुटली आणि रस्त्यावर लोकांना लुबाडण्यापर्यंत मजल गेली. हे त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितले, लपवले नाही. १९६५ मध्ये, सोळाव्या वर्षी, ते जॉब कॉर्प्समध्ये दाखल झाले. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या 'गरिबीविरुद्धच्या युद्धा'तून १९६४ च्या कायद्याने ही योजना उभी राहिली होती. १६ ते २४ वयाच्या गरीब मुलामुलींना निवास, जेवण, अपुरे शिक्षण पूर्ण करण्याची संधी आणि हाताला कौशल्य, असे तिचे स्वरूप. फोरमन आधी ओरेगनच्या केंद्रात गेले, मग कॅलिफोर्नियातल्या प्लेझंटनच्या. तिथे डॉक ब्रॉडस या प्रशिक्षकांनी सतत मारामारी करणाऱ्या या पोराला बॉक्सिंगकडे वळवले. मोजक्याच हौशी लढतींच्या अनुभवावर, १९ व्या वर्षी, त्यांनी १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाच्या योनास चेपुलिसला हरवून सुवर्णपदक घेतले.

त्या विजयानंतर त्यांनी रिंगमध्ये छोटा अमेरिकी झेंडा फिरवला. काही दिवसांपूर्वीच टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी काळा हातमोजा घातलेली मूठ पदकमंचावर उंचावली होती आणि त्यांना संघातून घालवून देण्यात आले होते. त्यामुळे फोरमनवर आपल्याच लोकांचा रोष ओढवला. ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्या वारशात वाढलेल्या आपल्या पिढीला ती मूठ जवळची वाटते, आम्हालाही वाटते. पण झेंडा धरणारा तो लाचार, हा निष्कर्ष घाईचा आहे. स्मिथ आणि कार्लोस ज्या चळवळीतून आले, ती समाजशास्त्रज्ञ हॅरी एडवर्ड्स यांच्या पुढाकाराने विद्यापीठात शिकणाऱ्या खेळाडूंमध्ये उभी राहिली होती. फोरमन विद्यापीठाची पायरी कधी चढलेच नव्हते. त्यांना सरकार भेटले ते पोटभर जेवण, पुस्तक आणि प्रशिक्षक या रूपात. एकाच समाजातल्या दोन थरांचा राज्यसंस्थेचा अनुभव वेगळा असू शकतो. वस्तीत काम करताना हे आपल्यालाही रोज दिसते, बैठकीत मात्र आपण विसरतो.

व्यावसायिक कारकीर्द १९६९ मध्ये सुरू झाली. २२ जानेवारी १९७३ रोजी जमैकातल्या किंग्स्टनमध्ये त्यांनी अजिंक्य जो फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडून जगज्जेतेपद घेतले. मग ३० ऑक्टोबर १९७४, झैरेची राजधानी किन्शासा. लढतीचा पैसा हुकूमशहा मोबुटूने दिला, प्रत्येक बॉक्सरला ५० लाख डॉलर. फोरमन जर्मन शेफर्ड कुत्रा घेऊन उतरले आणि बेल्जियन राजवटीतल्या पोलिसी कुत्र्यांची आठवण असलेल्या लोकांना ते खटकले. अली मात्र पहिल्या दिवसापासून त्या लोकांचे झाले. कृष्णवर्णीय असूनही फोरमन तिथे 'त्यांच्या' बाजूचे ठरले. अलींनी दोरांना टेकून मार झेलला, त्यांना दमवले आणि आठव्या फेरीत खाली पाडले.

१९७७ मध्ये जिमी यंगकडून हरल्यावर फोरमन यांनी बॉक्सिंग सोडले. ते धर्मोपदेशक झाले आणि १९८४ मध्ये ह्यूस्टनमध्ये मुलांसाठी युवा केंद्र काढले. त्या केंद्राला पैसा हवा म्हणून १९८७ मध्ये, दहा वर्षांनी, ते पुन्हा रिंगमध्ये उतरले. लोक हसले. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, ४५ व्या वर्षी, गुणांमध्ये मागे असताना त्यांनी २६ वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत बाद केले. अंगावर किन्शासातलीच लाल चड्डी होती आणि कोपऱ्यात होते अँजेलो डंडी, जे १९७४ मध्ये अलींच्या कोपऱ्यात होते. एकूण ८१ व्यावसायिक लढतींपैकी ७६ जिंकल्या, त्यातल्या ६८ नॉकआउटने.

आता योजनेकडे. कामगार खात्याचा युक्तिवाद हवेतला नाही. त्यांच्या अहवालानुसार अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ३८.६ टक्के, एका विद्यार्थ्यावर वर्षाला सुमारे ८० हजार डॉलर खर्च, शिवाय केंद्रांतल्या हिंसाचाराच्या नोंदी. कंत्राटदारांना जाब विचारलाच पाहिजे. आणि एक जगज्जेता दाखवून योजना वाचवणेही चुकीचे, कारण लाखांत एकच फोरमन होतो. पण मोजायचे काय, हा खरा वाद आहे. फोरमन तिथे वाचायला, सुतारकाम करायला शिकले. ते बॉक्सर झाले नसते तरी रस्त्यावरची लुबाडणूक सुटली असती. हा फायदा सरकारी तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतो? घर नसलेल्या मुलाला दोन वर्षे छप्पर मिळाले आणि तो अभ्यासक्रम अर्धवट टाकून गेला, तर तक्ता त्याला अपयश म्हणतो.

बंदचा आदेश आला तेव्हा या केंद्रांत सुमारे २५ हजार तरुण राहत आणि शिकत होते. अनेकांच्या हाती सामानाच्या पिशव्या देऊन त्यांना निघायला सांगितले गेले. जूनमध्ये संघीय न्यायालयाने बंदीला स्थगिती दिली, कारण काँग्रेसने कायद्याने उभारलेली योजना प्रशासन परस्पर गुंडाळू शकते का, हाच प्रश्न होता. स्थगितीने दरवाजे उघडे राहिले. पण जी मुले त्या आठवड्यांत निघून गेली, त्यांना शोधून परत आणायला न्यायालयाचा कागद पुरत नाही. त्यासाठी वस्तीत जाणारी माणसे लागतात, आणि अशा कामाचा पैसा आधी कापला जातो.