उंबरठ्याआतला गुन्हा

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्याकडे घरातल्या मारहाणीला जितकी लावली जाते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला लावली जात असेल. सुनेच्या हातावरचा वळ न्हाणीघरातील निसरड्या फरशीच्या माथी मारला जातो, शेजारी कानांवर हात ठेवतात, आणि माहेरची माणसे ‘थोडे सोसून घे’ म्हणून तिला पुन्हा त्याच दारी पोचवितात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. अत्याचार सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या मात्र अवघ्या १४ टक्के निघाल्या. न्यायालयात जे येते ते या दुःखाचे एक टोक होय.

या दुःखाला फौजदारी कायद्याने दखल दिली ती १९८३ साली. दंड संहितेत तेव्हा आलेले ४९८-अ हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत नांदत आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. परंतु घरातला प्रत्येक वाद म्हणजे हा गुन्हा नव्हे. स्त्रीला आत्महत्येस प्रवृत्त करील किंवा तिच्या जीविताला वा शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर धोका पोचवील असे हेतुपुरस्सर वर्तन, अथवा मालमत्तेच्या बेकायदेशीर मागणीसाठी केलेला छळ, हीच ‘क्रूरता’ कायद्याला अभिप्रेत आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा याहून निराळा आहे. संरक्षण, निवारा आणि निर्वाह हे त्याचे प्रयोजन असून, संरक्षणाचा आदेश मोडला तरच त्यात तुरुंगाची वाट उघडते.

आता दुसरी बाजू. आरोप झाला म्हणजे अपराध सिद्ध झाला, असे मानणारा समाज न्यायाचा नव्हे, झुंडीचा असतो. या कलमाखाली गुन्हा संशयातीत सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावरच असतो. २०१४ च्या अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटक ही सवय होता कामा नये, तिची कारणे लेखी नोंदवावीत, असे पोलिसांना बजावले. दूरच्या गावी राहणारी नणंद आणि अंथरुणाला खिळलेला सासरा यांची नावे मोघमपणे गोवू नयेत, हेही न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. सुक्याबरोबर ओलेही जळू नये, एवढाच त्याचा अर्थ. कोणी, कधी, काय केले हे विचारणे हा बचावाचा हक्क आहे. आणि ज्या तक्रारीत तारखा, वैद्यकीय दाखला व शेजाऱ्यांची साक्ष आहे तिला या प्रश्नाचे भय नसते.

मात्र निर्दोष सुटणाऱ्यांची संख्या दाखवून ‘तक्रारी खोट्याच’ असा निष्कर्ष काढणारे सत्याचा अपलाप करतात. साक्षीदार फिरतात, तपास रेंगाळतो, मुलांकडे पाहून तडजोड होते. हा गुन्हा सामान्यतः आपसात मिटविता येत नाही, तरी समझोत्यानंतर उच्च न्यायालय खटला रद्द करू शकते, हे २००३ मध्येच स्पष्ट झाले आहे. न सिद्ध झालेला आरोप आणि खोटा आरोप यांत अंतर आहे.

म्हणूनच २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलेली अलाहाबाद उच्च न्यायालयाची सूत्रे आम्हांस चिंताजनक वाटतात. गंभीर इजा नसलेली प्रकरणे कुटुंब कल्याण समितीकडे सोपवून दोन महिने अटक टाळावी, असे ती सांगतात. अशाच समित्यांची कल्पना त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये अग्राह्य ठरविली होती. अटकेवर अंकुश हवाच. पण तो अर्नेश कुमार निकालाने आधीच घातला आहे. मार खाणाऱ्या स्त्रीला त्याच छपराखाली दोन महिने थांबविणे हा समेट नव्हे, सक्ती आहे.

गोमंतकाला तर या बाबतीत अधिक लाज वाटावयास हवी. विवाहापूर्वी निराळा करार झाला नसेल तर येथील नागरी कायदा पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानतो, तिच्यात पत्नीचा अर्धा वाटा असतो. तरीही अर्ध्या घराची धनीण रात्री घराबाहेर काढली जाते, कारण तिचा हक्क कागदावर राहतो आणि भीती घरात राहते. १९८७ च्या कायद्यानुसार उत्पन्न कितीही असो, प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिण्यास कोणता खर्च येतो?

कायदा आणखी कठोर करण्याची वा सैल करण्याची ओरड पुरे झाली. पहिल्याच दिवशी नीट नोंदविलेली फिर्याद, वेळेवर झालेली वैद्यकीय तपासणी आणि निःपक्ष तपास या तीन गोष्टी पीडितेला जितक्या तारतात, तितक्याच निरपराध्यालाही. घराची अब्रू वळ लपविल्याने राखली जात नाही. हात उगारणाऱ्याला पहिल्याच वेळी अडविणारा शेजारी ती राखतो.