प्रगती गटारातून मोजा

देश पुढं चाललाय म्हणतात. चाललाच आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं यान चंद्रावर उतरलं, मीही टाळ्या पिटल्या. पण चंद्रावर यंत्र पोचतं, वस्तीतल्या गटारात पोचत नाही. तिथं माणूसच उतरवतात. त्याची जात विचारायची गरजच पडत नाही.

कायदे आहेत. घटनेचं कलम १७ आहे, १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा आहे. तरी जुलै २०२१ मध्ये सरकारनं राज्यसभेत लेखी सांगितलं : हातानं मैला उपसताना मेल्याची एकही नोंद नाही! गटारात मेले ते दुसऱ्या रकान्यात, 'धोकादायक सफाई'च्या. शब्द बदलला की मढं गायब! उत्तर देणारे मंत्री रामदास आठवले. एकेकाळचे पँथर!

गोदीत एक पेटी कमी भरली तरी चौकशी लागते. इथं माणसं कमी भरतात.

ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं भरपाई १० लाखांवरनं ३० लाखांवर नेली. ठीक. पण आम्हाला मढ्याचा भाव वाढवून नकोय. यंत्र पाहिजे. माणूस उतरवणाऱ्या कंत्राटदाराला, साहेबाला तुरुंग पाहिजे. खरी मोजदाद पाहिजे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं : समाजातली विषमता लौकर संपवा, नाहीतर तिच्यात होरपळणारे ही लोकशाहीच उडवून देतील.

आम्हाला ही लोकशाही उडवायची नाही, खरी करायची आहे. म्हणून वस्तीवस्तीत विचारत सुटा : गटारात कोण उतरतंय? त्याला कोण उतरवतंय?