गणवेश नसलेल्यांचे रक्त स्वस्त असते काय?

३१ मार्च २००४ रोजी इराकमधील फलुजा शहरात ब्लॅकवॉटर या अमेरिकन कंपनीच्या चार कंत्राटी सुरक्षारक्षकांना बंदूकधाऱ्यांनी गाठून ठार केले. जमावाने त्यांचे देह जाळले आणि दोन देह युफ्रेटिसवरील पुलाला टांगले. या पाशवीपणाविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ते चौघे तेथे कशासाठी गेले होते? लष्करी तळावरील स्वयंपाकघराचे साहित्य आणण्यासाठी निघालेल्या रिकाम्या ट्रकांना ते सोबत करीत होते. त्यांच्या मोटारींना चिलखत नव्हते आणि माणसेही कमी दिली होती. २००७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीच्या अहवालात याबद्दल कंपनीवर ठपका ठेवण्यात आला. भांडीकुंडी आणण्याच्या त्या फेरीतून फलुजाची पहिली लढाई पेटली!

त्यानंतर दहा दिवसही लोटले नव्हते, तोच ९ एप्रिलला बगदादजवळ इंधनाच्या ताफ्यावर हल्ला होऊन सहा नागरी ट्रकचालक मारले गेले. ताफ्याला रस्ता बदलता येत नाही, वेग वाढवता येत नाही आणि लपता तर मुळीच येत नाही. शत्रूला हे पक्के ठाऊक असते. सैनिक पडला तर त्याचे नाव राष्ट्राच्या यादीत जाते. कंत्राटी माणूस पडला तर त्याची नोंद अमेरिकेच्या कामगार खात्यात विम्याचा दावा म्हणून होते. युद्ध लहान दाखवण्याची याहून सोयीस्कर युक्ती कोणती?

अफगाणिस्तानात तर कळस झाला. तेथील वाहतुकीचे कंत्राट सुमारे २१६ कोटी डॉलरचे होते. ताफे सुखरूप जावेत म्हणून त्यातील पैसा टोळीप्रमुखांच्या हाती जात होता आणि त्याचा काही भाग तालिबानपर्यंत पोहोचत असावा, असे जून २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्याच उपसमितीने मांडले. ज्याच्याशी लढायचे, त्यालाच जकात भरायची!

कंत्राटी रक्षक सारेच निष्पाप होते, असेही नव्हे. १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटरच्या माणसांनी १७ इराकी नागरिक मारले. त्यासाठी शिक्षा झालेल्या चौघांना डिसेंबर २०२० मध्ये अध्यक्षांनी माफी दिली. अशा उन्मत्तपणाचा सूड मात्र रस्त्यावरच्या निःशस्त्र चालकावर उगवतो.

वाचकहो, हा प्रश्न परक्यांचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाखेरीज इराकमध्ये सैन्य पाठवणार नाही, असा निर्णय वाजपेयी सरकारने १४ जुलै २००३ रोजी घेतला. भारताचा सैनिक गेला नाही. भारताचा ट्रकचालक गेला! जुलै २००४ मध्ये हिमाचल आणि पंजाबचे तीन चालक इराकमध्ये ओलीस धरले गेले. ते एका कुवेती कंपनीचे ट्रक चालवीत होते. १ सप्टेंबरला ते सुटले, हे त्यांचे भाग्य. त्याच सुमारास बारा नेपाळी तरुणांची मात्र क्रूर हत्या झाली. पुढे आपल्या सरकारने इराकला जाण्यावर बंदी घातली, पण दलालांना शेजारच्या देशांतून जाणाऱ्या वाटा ठाऊक होत्याच.

याउलट झरंज-देलाराम रस्ता आठवावा. तो २१८ किलोमीटरचा रस्ता भारताने स्वतः बांधला. सीमा रस्ते संघटनेच्या एका चालकाची तालिबानने २००५ मध्ये हत्या केली. तेथील कामगारांच्या रक्षणासाठी भारत-तिबेट सीमा पोलिसांचे जवान होते आणि त्यांतील काहींनी प्राणही वेचले. तेथेही धोका होताच, पण आपल्या माणसामागे राष्ट्र उभे होते. कंत्राटी चालकामागे कोण उभा असतो? दलालाचे कर्ज!

आज ठिकाण बदलले आहे, धंदा तोच आहे. रशियाच्या सैन्यात गेलेले १२ भारतीय युक्रेनच्या युद्धात मृत्युमुखी पडल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. तेथे गेलेल्यांपैकी कित्येकांना मदतनिसाची नोकरी म्हणून नेले होते. मुलांना फसवून नेणाऱ्यांवर खटले तातडीने चालवा, अशी मागणी आपल्या खासदाराकडे किती जणांनी केली? आणि नात्यातला, आळीतला एखादा मुलगा परदेशच्या नोकरीचा कागद घेऊन आला, तर त्यावरचा देश वाचून निश्चिंत होऊ नका. त्या बारा नेपाळी तरुणांना जॉर्डनमधील नोकरी सांगितली होती.