मुलाचे घर म्हणजे देश नव्हे

सेवानिवृत्तीचा निरोपसमारंभ आटोपला, शाल-श्रीफळ मिळाले, आणि वर्षभरात पणजीचा अथवा वडोदऱ्याचा गृहस्थ सपत्नीक टोरोंटोस मुलाकडे राहावयास गेला, ही वार्ता आमच्या मंडळींत आता नवलाची राहिलेली नाही. कोणी त्याला भाग्यवान म्हणतो, कोणी त्याने मायभूमी सोडली म्हणून हळहळतो. आम्हांस दोन्ही मते सारखीच पोकळ वाटतात. जाणाऱ्याने खुशाल जावे. आमचा आक्षेप आहे तो गेल्यानंतरच्या वागण्यास. हा गृहस्थ कॅनडात राहावयास जातच नाही. तो मुलाच्या घरातील एका खोलीत राहावयास जातो.

मुळात अनेकांचा तेथील दर्जाच पाहुण्याचा. २०११ साली त्या देशाने आईबापांसाठी ‘सुपर व्हिसा’ काढला आणि २०२२ पासून एका खेपेस पाच वर्षे राहण्याची मुभा दिली. परंतु या मुभेत नोकरीचा अधिकार नाही, सरकारी आरोग्यविमा नाही. किमान एक लाख डॉलरांचा खाजगी विमा उतरवावा लागतो तो वेगळाच. आणि अशा स्थितीत कित्येक जण निघण्यापूर्वी येथील राहते घर विकून मोकळे होतात! परतीचे दार स्वतःच्या हाताने बंद करायचे आणि पुढचे दार दुसऱ्याच्या मर्जीवर सोडायचे, याला वात्सल्य म्हणावे की अविचार?

ज्यांना कायमचे राहण्याचा परवाना मिळतो, त्यांची तऱ्हाही फारशी निराळी नाही. नागरिकत्व मागणाऱ्यास तेथे भाषेची व देशाच्या माहितीची परीक्षा असते; वयाच्या ५५ व्या वर्षापासून ती माफ आहे. कायद्याने परीक्षा माफ केली, आमच्या मंडळींनी भाषा आणि देश दोन्ही माफ करून घेतले! जन्मभर कचेरीत इंग्रजी टिपणे लिहिलेला अधिकारी तेथे बसचालकाशी दोन शब्द बोलावयास कचरतो. नातवंडांच्या शाळेपलीकडचा रस्ता त्यास ठाऊक नसतो. मराठी मंडळ अवश्य असावे. पण तेथेही मुलाच्या मोटारीतूनच पोहोचायचे असेल, तर ते मंडळ म्हणजे त्याच खोलीचा विस्तार.

“या वयात नवे काय शिकायचे?” असे आम्हांस विचारले जाते. बर्फावर जपून टाकावी लागणारी पावले आणि दुखरे गुडघे आम्ही विसरलेलो नाही. पण वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर येथील आमच्या वाचकांनी आपल्या घराण्यांचा इतिहास आठवावा. अठराव्या शतकात गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या मागोमाग गेलेली ती माणसे. ते सत्तेबरोबर गेले, आपण पेन्शन घेऊन जातो, हा भेद खरा. मात्र १९४८-४९ मध्ये संस्थाने विलीन झाली, सत्ता गेली. तरी ही घराणी तेथे उपरी ठरली नाहीत. कारण त्यांनी घरात मराठी राखली आणि अंगणाबाहेर शेजाऱ्याची गुजराती, हिंदी आपली केली.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: येथील घर घाईने विकू नका. पेन्शनचे खाते स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या हाती ठेवा. तेथे पोहोचल्यावर बसचा मार्ग शिका, सार्वजनिक ग्रंथालयाची पायरी चढा, एका तरी शेजाऱ्याचे नाव विचारून घ्या. संध्याकाळी घरी परतलेल्या मुलाने “बाबा, आज कुठे गेला होता?” असे विचारावे आणि बाबांपाशी सांगण्यासारखे काही असावे. त्या दिवशी ते खरोखर कॅनडात पोहोचले, असे आम्ही समजू.