साठी, बुद्धी आणि बंदूक

माणसाच्या वयाला शून्य लागलं की आजूबाजूच्यांना उगीचच काहीतरी करावंसं वाटू लागतं. अडतीस, सत्तेचाळीस, त्रेपन्न असल्या वयांना कोणी विचारत नाही. ती बिचारी मागच्या दाराने येतात आणि मागच्याच दाराने जातात. पण पन्नास म्हटलं की केक येतो, साठ म्हटलं की भटजी येतात, पंचाहत्तर म्हटलं की शाल, श्रीफळ आणि भाषणं येतात. आणि एक्याऐंशीच्या सुमाराला एक हजार चंद्र पाहून झाल्याबद्दल सत्कार होतो. त्यातले कितीतरी चंद्र पावसाळी ढगांआड गेलेले असतात, पण त्याची वजाबाकी कोणी करत नाही. हे सगळं तसं निरुपद्रवी आहे. साठीशांतीत धोका असलाच तर तो होमाच्या धुराचा आणि दुपारच्या जिलबीचा.

पश्चिमेकडच्या काही पैसेवाल्या गृहस्थांना मात्र वयाला शून्य लागलं की आफ्रिका आठवते. आफ्रिका पाहायला जाण्याबद्दल माझी तक्रार नाही. मलाही कोणी नेलं तर मी आनंदाने जाईन. पण हे गृहस्थ बंदूक घेऊन जातात. पन्नासावा किंवा साठावा वाढदिवस दणक्यात साजरा करायचा म्हणून सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा यांपैकी एखाद्याला लोळवायचं, असा तो बेत असतो. या पाचांना 'बिग फाइव्ह' म्हणतात. आकाराने मोठे म्हणून नव्हे हं, पायी शिकार करायला सर्वांत धोक्याचे म्हणून. दक्षिण आफ्रिकेच्या चलनी नोटांवरही हेच पाच विराजमान आहेत. तेव्हा पाच नोटा टाकल्या की पाच प्राणी दिसतात, हे विधान तिथे शब्दशः खरं आहे.

आता एवढ्या धोक्याच्या प्राण्याला साठ वर्षांचा, पोट सुटलेला, जिन्याचे दोन मजले चढून धापा टाकणारा माणूस मारतो कसा? तर आपल्याकडे सत्यनारायणाची पूजा होते तसा. मंत्र भटजी म्हणतात, चौरंग मुलगा मांडतो, प्रसादाचा शिरा बायको ढवळते आणि यजमानांनी योग्य वेळी पळीला नुसता हात लावायचा असतो. पूजा मात्र यजमानांनी केली असं म्हणायचं. तिथेही तसंच. माग काढणारे स्थानिक लोक पहाटेपासून जनावराचा पत्ता लावतात. सिंह-बिबट्यासाठी झाडाला मांस टांगून आडोसा तयार ठेवतात. बंदूक टेकवायला तीन पायांची काठी असते. पाठीशी परवानाधारक धंदेवाईक शिकारी भरल्या रायफलीनिशी उभा असतो, न जाणो यजमानांचा नेम चुकला तर! मग तो खांद्याशी कुजबुजतो, 'हं, आता!' आणि यजमान चापाला हात लावतात.

यानंतर फोटो. जनावराचं तोंड पुसून घेतात, मान नीट टेकवतात आणि यजमानांना जरा मागे बसवतात, म्हणजे जनावर आहे त्याहून मोठं दिसतं. आमच्या लग्नाच्या फोटोतही फोटोग्राफरने अशीच काळजी घेतली होती, पण तिथे निदान दोघेही जिवंत होतो.

या सगळ्याचं छापील दरपत्रक असतं. रानरेड्याला इतके, सिंहाला तितके, हत्तीला त्याहून जास्त. शिवाय राहण्या-जेवण्याचा दिवसाचा दर वेगळा. आणि जनावर जखमी होऊन निसटलं तरी पैसे पूर्ण द्यावे लागतात. पान वाढल्यावर जेवला नाहीत तर तो तुमचा प्रश्न! झिंबाब्वेत २०१५ साली सेसिल नावाचा सिंह मारला गेला ती हकिगत आठवत असेल. अमेरिकेतल्या एका दंतवैद्याने त्यासाठी सुमारे ५० हजार डॉलर मोजल्याचं तेव्हा छापून आलं. गळ्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांचा पट्टा असलेला हा सिंह बाणाने जखमी झाला आणि मेला मात्र कित्येक तासांनी. पुढे जगभर बोंब झाल्यावर दंतवैद्यांनी सांगितलं की आपण सगळं वाटाड्यांवर सोपवलं होतं. बघा, पळीला हात! पूजा फळली तर यजमानांची आणि चुकली तर भटजींची.

कोणी म्हणेल, शिकार हा मर्दानी खेळ आहे, त्याची परंपरा आहे. परंपरा आहेच. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली पायउतार झाले आणि लगोलग मुलाला घेऊन आफ्रिकेत गेले. वय बरोब्बर पन्नास! तिथे बापलेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली. वॉशिंग्टनच्या संग्रहालयासाठी नमुने हवेत, असं कारण होतं. पण याच रूझवेल्टसाहेबांना १९०२ साली मिसिसिपीत बरोबरच्या लोकांनी एक अस्वल झाडाला बांधून दिलं होतं, आणि बांधलेल्यावर गोळी झाडणं आपल्याला शोभत नाही म्हणून त्यांनी नकार दिला होता. जखमी अस्वलाला शेवटी दुसऱ्यांनी मारलं ते मारलंच. तरी त्या नकारापायीच आज घरोघरी पोरं 'टेडी बेअर' कुशीत घेऊन झोपतात. म्हणजे ५१२ जनावरं मारणाऱ्या माणसालाही एक पायरी अशी होती की जिच्या खाली तो उतरला नाही. आज ती पायरीसुद्धा विकायला काढलेली आहे. दक्षिण आफ्रिकेत हजारो सिंह पिंजऱ्यात जन्माला येतात. लहानपणी प्रवासी त्यांना मांडीवर घेऊन फोटो काढतात आणि मोठेपणी कुंपणाच्या आत त्यांची 'शिकार' होते. माणसाच्या हातून दूध प्यायलेला सिंह बंदूकवाल्याकडे बघून पळेल कशाला? त्याला वाटत असेल, बाटली आली! तिथल्या सरकारच्याच समितीने २०२१ साली हा धंदा बंद करण्याची शिफारस केली, यावरून काय ते समजावं.

या छंदाला राजेही बळी पडले. स्पेनचे राजे हुआन कार्लोस एप्रिल २०१२ मध्ये बोट्स्वानाला हत्तीच्या शिकारीला गेले. चौऱ्याहत्तर पूर्ण, पंचाहत्तरावं लागलेलं. देशात बेकारी शिगेला पोचलेली. तिथे महाराज पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. नाहीतर हत्तीची भानगड कोणाला कळलीही नसती. हे महाराज त्या वेळी वन्यप्राणी वाचवणाऱ्या एका जागतिक संस्थेच्या स्पेनमधल्या शाखेचे मानद अध्यक्ष होते! संस्थेने ते पद काढून घेतलं आणि महाराजांनी जनतेची जाहीर माफी मागितली. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर मोडलेला खुबा, गेलेलं मानपद आणि जाहीर माफी! आमच्याकडे पंचाहत्तरीला गुळाची तुला करतात. त्यात फार तर तराजू मोडतो.

आता दुसरी बाजू. ती आहे, आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. शिकारवाले सांगतात की आमच्या पैशावर जंगल टिकतं. नामिबियात गावकऱ्यांच्या संरक्षित क्षेत्रांना शिकारीच्या शुल्कातून उत्पन्न मिळतं आणि मांसही गावातच वाटलं जातं, हे खरं आहे. केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली, तरी तिथले प्राणी घटतच गेले, हेही खरं आहे. ज्याच्या शेतात हत्ती घुसतो त्याला हत्ती वाचवण्याचं मोल कोणीतरी दिलंच पाहिजे. मुंबई-पुण्यात पंख्याखाली बसून आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला भूतदया शिकवायला माझी जीभ रेटत नाही. कुठल्या देशाने किती परवाने द्यावेत हे त्या देशाने बघावं. माझं भांडण परवान्याशी नाही, केकशी आहे. गावाला काही अप्रिय काम करावं लागतं म्हणून ते करणं वेगळं आणि त्यावर मेणबत्त्या लावून 'हॅपी बर्थडे' म्हणणं वेगळं. जंगलावर एवढं प्रेम असेल तर पैसे द्यावेत आणि घरी यावं. चाप ओढल्याशिवाय पाकीट उघडत नसेल, तर ते दान नव्हे, बिल.

पण यांची खरी गंमत पुढेच आहे. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेत डॅलसला नामिबियातला एक काळा गेंडा मारण्याचा परवाना लिलावाने ३ लाख ५० हजार डॉलरला गेला. तेव्हा समर्थन काय, तर असा नर म्हातारा असतो, प्रजननाच्या उपयोगाचा राहिलेला नसतो, उलट तरण्या नरांना आडवा येतो. गेंड्यांच्या बाबतीत यात तथ्य आहे असं धरून चालू. पण हेच तत्त्व सरसकट सगळ्या जनावरांना लावतात: म्हातारा आहे, आता त्याचा काय उपयोग? आणि हे कोण म्हणतंय? ज्याची नुकतीच साठी झाली तो! अहो, हे वाक्य घरात बोलू नका. सुनेने ऐकलं तर पंचाईत होईल.

बरं, निदान हत्तीच्या बाबतीत तरी ते खोटं आहे. हत्तीचे सुळे जन्मभर वाढतात, त्यामुळे शिकाऱ्याला हवा तो मोठ्या सुळ्यांचा हत्ती नेमका वयस्कच असतो. पण आफ्रिकेतला नर हत्ती भरात येतो तोच पंचेचाळीस-पन्नाशीत. त्या वयाला आपण साखरेच्या गोळ्या सुरू करतो. तो माद्यांना पसंत पडू लागतो. आपल्या जुन्या संस्कृत काव्यांत बलाढ्य हत्तीला 'षष्टिहायन', म्हणजे साठ वर्षांचा, असं गौरवाचं विशेषण आहे. त्या कवींनी साठी बुद्धी नाठी ही म्हण हत्तीला लावली नाही, हे बरं केलं.

आणि म्हातारा गेला तर काय होतं, त्याचाही पडताळा आलेला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्गच्या अभयारण्यात पोरके झालेले लहान हत्ती नेऊन सोडले होते. वर वडीलधारं कोणी नाही. १९९० नंतर ही पोरं वयात आली, अवेळी माजावर आली आणि त्यांनी चाळीसच्या वर पांढरे गेंडे मारले. बंदोबस्त कसा केला? १९९८ साली क्रूगर अभयारण्यातून सहा वयस्क नर आणून सोडले. त्यांनी भाषणं केली नाहीत, नुसते तिथे वावरले. पोरांचा माज उतरला आणि गेंडे मरायचे थांबले. वय झालेल्याचा काय उपयोग, या प्रश्नाला याहून चोख उत्तर मला माहीत नाही. आमच्या वाड्यातल्या कट्ट्यावरचे म्हातारे नुसते खाकरले तरी गल्लीतलं क्रिकेट शिस्तीत चालायचं, ते यामुळेच.

साठीच्या शिकाऱ्याला खरं म्हणजे हत्तीशी काही देणंघेणं नसतंच. आपण अजून संपलो नाही, याची त्याला खूण हवी असते. तेवढी हौस कोणाला नसते? पण त्यासाठी आपल्याच वयाच्या, आपल्यासारख्याच झिजत आलेल्या जिवाला संपवणं म्हणजे आरशावर गोळी झाडण्यासारखं आहे. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात आणि साठीकडे सहावा झिजत असतो. त्यानंतर चावता येत नाही आणि कवळी बसवायला तिथे कोणी नसतं. तेव्हा गृहस्थहो, इतके डॉलर खर्चून आपल्या वयाच्या गृहस्थाकडे गेलाच आहात, तर जरा लांबवर बसा. बघा, तो दुखऱ्या दाढेने पाला कसा हळूहळू चावतो. तुम्हाला ते समजण्यासारखं आहे. पंचविशीतल्या पोराला नाही समजायचं.